डावीकडचा कागद

आमच्या घरी चादरींच्या घड्या होत नाहीत, गोळे होतात. ड्रायरमधून गरम चादर बाहेर आली की बायको ती छातीशी धरून दोन-चार वेळा दुमडते आणि कपाटात कोंबते. मुलगी तिच्या पुढची. परवा मी तिला हाक मारली, "जरा हे टोक धर गं." तिने टॅबलेटमधून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, जस्ट स्टफ इट इन. नोबडी इज गोइंग टू सी." खरंच आहे म्हणा. कॅनडातल्या किचनर गावी, आमच्या घरात कपाटातली चादर बघायला कोण येणार आहे? तरी मी ती चादर हातात घेऊन तसाच उभा राहिलो, आणि मला मावशीची फार आठवण आली.

मावशी म्हणजे माझी सख्खी-चुलत कोणी नव्हे. ओटावात नोकरीला लागलो तेव्हा जिच्या बेसमेंटमध्ये राहत होतो, ती घरमालकीण. अलिबागच्या बाजूची. बेने इस्रायल, म्हणजे आपली मराठी बोलणारी ज्यू. नवऱ्याबरोबर तरुणपणीच कॅनडात आलेली, सरकारी ऑफिसात फायली सांभाळून रिटायर झालेली, आणि नवरा गेल्यावर त्या दुमजली घरात एकटी. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत होतो. तिने ते फार दिवस चालू दिलं नाही. "मावशी बोलतोस आणि तुम्ही-तुम्ही करतोस. एक काय ते ठरव." मी मावशी ठरवलं. आता ती नाही, तिचं घरही विकलं गेलं. मागे ओटावाजवळ कानाटाला कामासाठी गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्या गल्लीतून गाडी काढली. दारात अनोळखी पोरांच्या सायकली पडल्या होत्या.

खोली बघायला गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. नोकरीचं पत्र, बँकेचे कागद, आधीच्या घरमालकाची शिफारस, सगळं फायलीत लावून नेलं होतं. मावशीने फायलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हॉलमध्ये धुतलेल्या कपड्यांची टोपली होती. तिने त्यातून एक पांढरी चादर उचलली, दोन कोपरे माझ्या हातात दिले आणि उलट्या पावलांनी चालत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"धरलंस?"

"हो."

ती तशीच उभी. "धरलंस?"

"हो हो, मावशी."

"हो काय हो? धरलं बोल."

"धरलं."

मग तिने ओढलं. मी नागपूरचा, अंगात जोर, मीही ओढलं. "अरे, ही काय रस्सीखेच आहे?" ती ओरडली. "ताण पाहिजे, जोर नको. हां. आता चालत ये. पायाकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ." मी चालत गेलो, तीही चालत आली, मधोमध आमची गाठ पडली. तिने माझ्या हातातले कोपरे आपल्या हातात घेतले, मी वाकून खालची दुमड उचलली, पुन्हा मागे, पुन्हा ताण, पुन्हा चालत. चादरीची वीट झाली. त्यावर हात फिरवून ती म्हणाली, "कधी येतोस राहायला?"

पुढे कळलं की माझ्या आधी पुण्याचा एक मुलगा येऊन गेला होता. त्याने चादरीचं टोक धरून मावशीलाच घडी घालायची शास्त्रशुद्ध पद्धत समजावून सांगितली. "त्याला बोलली, खोली गेली," मावशी म्हणाली.

घड्यांचं हे काम दर शुक्रवारी दुपारचं. संध्याकाळी सूर्य मावळला की तिचा शब्बाथ, म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, लागायचा, त्याआधी घर धुऊन-पुसून, चादरी बदलून, धुतलेल्या घड्या घालून सगळं जागच्या जागी. मी शुक्रवारी घरून काम करायचो. कितीही महत्त्वाची मीटिंग असो, दोनच्या सुमाराला जिन्यावर तिची पावलं वाजायची. एकदा मी हेडसेटकडे बोट दाखवलं, तोंडाने 'मीटिंग' म्हणालो. "असू दे की. हाताने मीटिंग करतोस का?" माझ्या मॅनेजरला बिचाऱ्याला त्या दिवशी प्रोजेक्टच्या तारखांच्या मध्येच 'धरलं' असं ठणठणीत मराठी ऐकावं लागलं.

मी नसलो तर जो दारात येईल तो तिच्या तावडीत सापडायचा. एकदा पाण्याचा पाइप गळत होता म्हणून एक पंजाबी प्लंबर आला. मी ऑफिसातून परतलो तर तो गडी हॉलमध्ये पलंगपोसाचं टोक धरून उभा. "आंटीजी, मैं तो पाइप देखने आया था," तो काकुळतीने म्हणत होता. "पाइप कहीं नहीं जाता. पकडा? पकडा बोलो." त्याने मुकाट्याने 'पकडा' म्हटलं. जाताना तिने त्याला गूळ-खोबऱ्याचे पोहे खायला घातले. नंतर तो दर हिवाळ्यात आपणहून पाइप बघायला येऊ लागला.

एकट्याने घातलेल्या घडीला ती घडी म्हणायचीच नाही. "ती गुंडाळी," म्हणायची. नवरा होता तेव्हा टोक तो धरायचा, पण त्याच्यावरही ती खूश नव्हती. "मिस्टर चांगले होते रे. पण जागचे हलायचे नाहीत. चालत सगळं मलाच जावं लागायचं."

वरच्या पॅसेजमध्ये, जिथे ऊन कधीच पोचत नसे अशा भिंतीवर, एक मोठी फ्रेम होती. तिच्यावर आंघोळीचा टॉवेल टांगलेला असायचा. पहिले काही आठवडे मला वाटलं, विजेबिजेचं खोकं असेल. शुक्रवारी घड्या झाल्या की मावशी हात धुऊन यायची, कोरडे करायची आणि टॉवेल बाजूला करायची. "ये. बायकांना भेटून घे."

चित्र जपानी होतं, लाकडी ठशांनी छापलेलं. आपल्याकडे कापडावर ठसे मारतात तसे तिकडे कागदावर मारायचे, प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. देव-राजे काही नाहीत, शहरातल्या साध्या बायका: केस विंचरणाऱ्या, छत्री घेऊन पुलावरून जाणाऱ्या, पोरांना न्हाऊ घालणाऱ्या. मावशीने लायब्ररीतली पुस्तकं आणून आणून यातलं बरंच वाचून काढलं होतं. मोठं चित्र असलं की ते तीन कागदांवर छापत आणि शेजारी-शेजारी लावत. पण दुकानदार कागद सुटेही विकायचा. ज्याची जेवढी ऐपत, तेवढं त्याने न्यावं. त्यामुळे अशा किती चित्रांची ताटातूट झाली त्याला सुमार नाही.

मावशीकडे तीनांतले दोन कागद होते. उजवीकडच्यात एक बाई उकिडवी बसून लाकडी टपात कपडे धुते आहे आणि तिचं पोर पाठीमागून तिचा कमरपट्टा ओढतं आहे. मधल्यात दुसरी बाई उभी. बाह्या दोरीने वर बांधलेल्या, डोक्याला फडकं, पायात लाकडी खडावा. तिच्या दोन्ही हातांत ओल्या कापडाचा लांब पट्टा आहे, त्यावर बारीक पांढरे पक्षी. कापड ताणलेलं आहे. ते डावीकडे जातं, जातं, आणि कागद संपतो. बाई डावीकडे बघून काहीतरी म्हणते आहे, ओठ जरासे उघडे. पलीकडे कोण आहे ते आपल्याला दिसत नाही, कारण डावीकडचा कागद नाही.

"उन्हाने निळा उडतो," टॉवेल पुन्हा टांगताना मावशी दर वेळी म्हणायची. कापडाचा तो निळा माझ्या डोळ्यांना आधीच उडालेला दिसायचा, राखाडीवर आलेला. पण तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

हे कागद तिला गराज सेलमध्ये मिळाले. एका गोऱ्या म्हातारीने घर आवरायला काढलं होतं. मावशी सुरी-काट्यांचा डबा घ्यायला गेली आणि तिने हे पाहिलं. "मी तिला विचारलं, व्हेअर इज द अदर एंड? ती बोलते, व्हॉट अदर एंड? इतकी वर्षं भिंतीवर होतं आणि बाईला प्रश्नच पडला नाही!" हे सांगताना तिचा आवाज चढायचा. सुरी-काटे तिथेच राहिले, ती फ्रेम घेऊन घरी आली.

मावशीला एक थोरली बहीण होती, इस्रायलमध्ये. हे मला फार उशिरा कळलं. एका शुक्रवारी चित्रासमोर उभं असताना ती आपसूक बोलायला लागली. गावी विहिरीवर आईचं लुगडं धुतलं की दोघी बहिणी ते पिळायच्या आणि सुरूच्या बनापर्यंत ताणत न्यायच्या. नऊ वार. ताई तिकडून ओरडायची, धरलंस? ही इकडून, धरलं. मग दोघी एकमेकींकडे चालत यायच्या आणि अगदी जवळ आल्या की मुद्दाम कपाळावर कपाळ आपटायच्या. आई रागवायची, पोरींनो, लुगडं मातीत पडेल. "एकदाच पडलं," मावशी म्हणाली. "तेव्हा दोघींनी परत धुतलं."

ताई लग्न होऊन इस्रायलला गेली, ही कॅनडात आली. वडील गेल्यावर आईने कुणाकडे राहायचं यावरून दोघींचं बिनसलं. मावशीने इथे आईसाठी खोली रंगवून ठेवली होती, तीच खोली नंतर तिने कुणाला दिली नाही. आई ताईकडे गेली. "म्हाताऱ्या बाईला बर्फात काय नेतेस, असं बोलली ताई." काही वर्षांनी आई तिकडेच वारली, आणि ते मावशीला कळलं मुंबईच्या एका चुलत भावाकडून, सुतकाचे सात दिवस उलटून गेल्यावर. त्यांच्यात सात दिवस खाली बसतात. ताई तिकडे बसली. इकडे मावशी त्या सात दिवसांत ऑफिसला गेली, तिने मासळी आणली, शेजारणीशी हसली-बोलली. तिला माहीतच नव्हतं.

"मला फोन करायला नको होता तिने?" ती मला विचारत होती, जणू मी ताईचा वकील. "टोक तिने सोडलं. मी नाही."

त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. किती वर्षं गेली असतील, मी विचारलं नाही.

आणि मग मावशीने तिचा नवस सांगितला. नवस मीच म्हणतो, ती त्याला 'माझं ठरलंय' म्हणायची. डावीकडचा कागद मिळाला की ती ताईला फोन करणार होती. "बघायचंय मला, पलीकडे कोण आहे. हसते आहे की रुसून बसली आहे. ते कळलं की लगेच करीन."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर नाही."

लोक नवस फिटावा म्हणून बोलतात. हिने असा शोधून काढला होता की तो फिटूच नये. दर महिन्याला ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत चक्कर मारायची, हात हलवत परत यायची आणि मला तर वाटतं, जरा सुटल्यासारखी दिसायची.

शनिवारची गंमत सांगायची राहिली. शब्बाथला मावशी विस्तव पेटवायची नाही, दिव्याचं बटण दाबायची नाही, फोनला हात लावायची नाही. दुसऱ्याला तसं करायला सांगणंही तिच्या हिशेबात बसत नव्हतं. मग ती जिन्याच्या वरच्या पायरीवर यायची आणि हवेला ऐकवायची, "आज काय थंडी आहे बाई!" पहिल्यांदा मी खालून म्हणालो, "हो ना मावशी, भलती थंडी पडून राहिली," आणि पुन्हा पांघरूण ओढलं. थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने, "भलतीच थंडी!" मी म्हणालो, "उद्या आणखी वाढणार म्हणतात." दुपारी वर गेलो तर ही दोन स्वेटर, कोट, मफलर घालून सोफ्यावर, आणि हीटर बंद. मी हीटर लावला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला भाषा कळली. पुढे मी त्यात इतका तयार झालो की "अंधारून आलं" म्हणताच दिवा, "घसा कोरडा पडला" म्हणताच चहा. ती कधी मागत नसे, मी कधी विचारत नसे. "देवाला कळतं," एवढंच म्हणायची.

फोन मात्र मला उचलू द्यायची नाही. शनिवारी तो वाजला की ती स्वयंपाकघरात त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची, हात मागे बांधून, थांबेपर्यंत. भिंतीवरचा जुना फोन, वेटोळ्यांच्या वायरचा. तो थांबला की म्हणायची, "ज्याला खरंच काम असेल तो उद्या करील."

डावीकडचा कागद मला सापडला तो ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. दूरच्या कुठल्याशा संग्रहालयाने आपली चित्रं इंटरनेटवर टाकली होती. मी चाळत होतो, आणि एकदम ती पांढऱ्या पक्ष्यांची ओळ समोर आली. तिन्ही कागद शेजारी-शेजारी. निळा असा गडद की मी आधी ओळखलंच नाही. मग मी डावीकडे पाहिलं, आणि सँडविच हातातच राहिलं.

दाखवावं की दाखवू नये, यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. पण ठरलं म्हणजे ठरलं, असं तीच म्हणायची. आणि तिने ताईला फोन करावा, असं मला वाटत होतं. मी जाड कागदावर रंगीत प्रिंट काढून घेतली आणि गुरुवारी संध्याकाळी तिच्यासमोर ठेवली.

तिने आधी हात धुतले. टॉवेल बाजूला केला, कागद फ्रेमच्या डाव्या कडेला धरला, थोडा वर, थोडा खाली, कापडाची रेघ जुळेपर्यंत. मग मागे सरकून पाहिलं.

झाड होतं. जर्दाळूसारखं काहीतरी फुललेलं झाड, कापडाचं टोक त्याच्या बुंध्याला दोरीने पक्कं बांधलेलं, आणि खाली एक मांजर झोपलेलं. माणूस कोणी नव्हतं. मधली बाई त्या मांजराला काहीतरी म्हणत असावी.

"झाड," मावशी म्हणाली. मग ती हसली, पण अर्ध्यावरच थांबली. "एवढी वर्षं मी हिचं तोंड बघून ठरवत बसली, ती पलीकडची कशी असेल. आणि झाड." तिने कागद माझ्या हातात परत दिला. "तुला कोण बोललं होतं शोधायला?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दोन वाजले, अडीच वाजले, जिन्यावर पावलं वाजली नाहीत. वर मात्र कसलीतरी हालचाल ऐकू येत होती. मला राहवेना, मी वर गेलो. मावशीने चादरीचे दोन कोपरे जिन्याच्या कठड्याच्या खांबाला बांधले होते. दुसरे दोन हातांत धरून ती पलीकडे उभी होती, तोंडाने काही न बोलता. तिने ताण दिला. मग ती चालत खांबापर्यंत आली, कोपऱ्यांना कोपरे टेकवले, आणि दुमड उचलायला वाकली तोवर मधली सगळी चादर जमिनीवर लोळली होती. तिने ती उचलली नाही. पायाशी पडलेल्या त्या ढिगाकडे बघत राहिली.

"धरतो रे खांब," ती म्हणाली. "माणसापेक्षा पक्कं धरतो. पण चालत येत नाही."

मी चादर उचलायला वाकलो. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि तिने फोन उचलला. नंबर कुठे लिहिलेला नव्हता, पाठ होता. तिकडे घंटी वाजत होती. मला तिची पाठ दिसत होती आणि वायर बोटाला गुंडाळणारा हात. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. शेवटी आपोआप बंद पडली.

"नाही उचलत," ती म्हणाली. रिसीव्हर ठेवून ती खुर्चीवर बसली. तिचा चेहरा मला बघवेना. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा! तिकडे रात्र झाली. शब्बाथ लागला असेल केव्हाच. ताई कशी उचलेल? मी बाई इतकी कशी वेडी!" जन्मभर शब्बाथ पाळणारी बाई, तिला बहिणीचा शब्बाथ आपल्या आधी लागतो हे त्या घाईत सुचलं नव्हतं. तिचा स्वतःचा लागायलाही आता थोडाच वेळ होता. आम्ही राहिलेल्या घड्या घातल्या. तिने मला 'धरलंस' म्हणून विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी खाली चहा करत होतो. अकराच्या सुमाराला वर फोन वाजायला लागला. तो थांबला नाही. मी वर बघत होतो. मावशीची पावलं स्वयंपाकघरात गेली आणि थांबली. हात मागे बांधून ती उभी असणार, हे मला न बघता दिसत होतं. फोन वाजतोय. मग पावलं परत फिरली, भरभर, आणि जिन्याच्या वरच्या पायरीपाशी आली.

"फोन वाजतोय," मावशी हवेला म्हणाली.

चहा तसाच टाकून मी दोन-दोन पायऱ्या चढत गेलो आणि रिसीव्हर उचलला.

"कोण बोलतंय?" म्हातारा, पण खणखणीत आवाज. "काल या नंबरवरून फोन आला. कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं हो. मी खाली राहतो. थांबा, देतो," असं म्हणून मी रिसीव्हर मावशीच्या कानाला लावला. तिने हात मागेच ठेवले होते. ताईचा आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं, आणि मला तिथून हलता येत नव्हतं.

मावशीने कान रिसीव्हरला घट्ट दाबला. मग म्हणाली, "ताई."

"तू आहेस होय. मग काल काय झालं होतं फोन करायला? शब्बाथ लागल्यावर? मी बाजूला उभी राहून ऐकत होती. बोलली, नक्की कोणतरी मेलं. रात्रभर डोळा नाही लागला माझा."

"मी विसरली गं. तिकडे रात्र झाली, हे डोक्यातच आलं नाही."

मग ताई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच."

"काय तुझ्यासारखं?"

"आई गेली तेव्हा. इकडे शब्बाथ सुटला आणि मी पहिला फोन तुला केला. मुंबईला नाही, कुणाला नाही, तुला. किती वाजला गो तो फोन! मला वाटलं, खोलीवरून अजून रागात आहे, मुद्दाम उचलत नाही. मग मी पण हट्टाला पेटली. परत नाही केला. तिकडे शब्बाथ सुटायचा असेल, हे मला सुचलंच नाही."

मावशीने डोळे मिटले. "तो तू होतीस," ती म्हणाली. "एका शनिवारी फोन थांबतच नव्हता. मिस्टर सिनेगॉगला गेलेले. मी याच जागी उभी होती, ताई. बाजूलाच उभी होती."

दोघी रडत होत्या. एक माझ्यासमोर आणि एक माझ्या हातात. मी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघायचा प्रयत्न केला, पण बर्फही नीट दिसेना.

बऱ्याच वेळाने ताईने नाक ओढलं. "मग आज कसा उचललास? तिकडे तर आत्ता सकाळ असेल."

"मी नाही उचलला. भाडेकरूने धरलाय."

"तेव्हा भाडेकरू नव्हता?"

"नव्हता."

"कसा आहे पोरगा?"

"नागपूरचा आहे. ताणतो जरा जास्त. पण चालत येतो."

"त्याला बोल, सोडू नको. मला अजून खूप बोलायचंय."

रिसीव्हर जड होता, माझा हात खांद्यापासून भरून आला होता. मावशीने तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं.

"धरलंस?"

"धरलं," मी म्हणालो.